लव्हाळा, पाणकणीस आणि कापणीची वेळ

तुमची तक्रार अशी: पाण्याकाठी लव्हाळा आणि पाणकणीस (टायफा) लावा असं सांगणारा माझा लेख वाचून पाझर तलावाच्या काठी पाणकणीस लावलं, दोन वर्षांत निम्मं पाणी दिसेनासं झालं, दिवाळीनंतर दोनदा कापलं तरी फुटलंच, आणि लव्हाळ्याशी तर शेतकरी आयुष्यभर झगडतो, तो मुद्दाम लावायचा कशाला?

लव्हाळ्याचं आधी. शेतात गाठी सोडणारा सायपेरस रोटंडस लावा असं म्हणायचं नव्हतं. शब्द मोघम वापरला, ही चूक माझी. (राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानात येणारे सायबेरियन क्रौंच याच गाठी उकरून खायचे, पण त्यासाठी कुणी वावर देणार नाही.)

पाणकणीस का फुटलं? पान आडवं कापून बघा, आत स्पंजासारखे हवेचे कप्पे दिसतील. चिखलातल्या कांडाला (आडव्या पसरणाऱ्या खोडाला) हवा त्यातूनच जाते. वाळका खुंटसुद्धा नळीचं काम करतो. दिवाळीनंतर पाणी उतरत जातं, खुंट उघडे राहतात, कांड जगतं. म्हणून मे महिन्याच्या शेवटी, काठ कोरडा असताना, जमिनीलगत कापा. पावसाचं पाणी खुंटांवर चढून काही आठवडे टिकलं तर कांड कुजतं. अर्धा वीत खुंट ठेवलात तर मेहनत वाया. कणसं हिरवी असतानाच काढा. कापूस सुटलेलं कणीस हलवलं की बी तुम्हीच पेरता. वर्षाला एक तृतीयांशच कापा, बाकीचं जांभळ्या पाणकोंबडीला आणि छातीवर रेघा असलेल्या सुगरणीला राहू द्या.

मोकळ्या झालेल्या काठाला शोएनोप्लेक्टस आर्टिक्युलॅटस लावा, हा लव्हाळ्याच्याच कुळातला, पण पाण्यात वाढणारा. गुच्छात वाढतो, आडवा पळत नाही. दांडी गोल, चिमटीत दाबली की आतले पडदे लागतात. फुलोरा शेंड्याला नसून दांडीच्या खालच्या भागात बाजूला चिकटलेला. ऑक्टोबरमध्ये पाण्याची पातळी स्थिरावली की ३-४ दांड्यांचे गड्डे मातीसकट, एकमेकांपासून एक ते दीड फुटावर, चार बोटं पाण्यात लावा. शेंडे छाटायचे असतील तर पाण्याच्या वर वीतभर ठेवून. बुडाला तर गड्डा गुदमरतो. चतुराची अळी याच दांडीवर चढून कात टाकते, त्यामुळे सकाळी काठ उपटत बसू नका.

गुरं पूर्ण बंद करू नका. भरतपूरला १९८२ मध्ये चराई थांबवली आणि पास्पॅलम गवताने उथळ पाणी गिळलं. लागवडीला पहिला हंगाम काटेरी कुंपण घाला, पुढे म्हशी एकाच बाजूने उतरू द्या. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मात्र यातलं काहीही लावू नका, पाणकणसाची टोकदार कांडं अस्तर फाडतात.