रिकाम्या जागेचा हिशोब

धरण शंभर टक्के भरल्याची बातमी आपण आनंदाने वाचतो आणि पुढे पाठवतो. पावसाळ्याच्या तोंडी धरण जाणीवपूर्वक रिकामे ठेवले आहे, ही बातमी मात्र कोणी पुढे पाठवल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही. मोठ्या नदीवरील धरणाच्या नियोजनात पाणी साठवण्यापेक्षा जागा मोकळी ठेवणे कितीतरी अवघड असते, हे माझे मत एका धरणाच्या नियंत्रण कक्षात काढलेल्या रात्रीमुळे पक्के झाले.

पाऊस ओसरला होता, पण पाणलोट क्षेत्रातून येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, सुरूच होता. कामावर असलेले अभियंते दर तासाला पातळी नोंदवहीत लिहीत होते. तासाभरात ती एका सेंटिमीटरने वाढली, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही. त्यांनी वहीच्या समासातच गणित मांडून दाखवले: जलाशयाचा पृष्ठभाग 100 चौरस किलोमीटर धरला, तर एक सेंटिमीटर म्हणजे 10 लाख घनमीटर पाणी, आणि तेवढे एका तासात साठले याचा अर्थ येवा विसर्गापेक्षा जवळपास 10,000 क्युसेकने, म्हणजे सेकंदाला 10,000 घनफुटांनी, जास्त आहे. (वारा सुटला की लाटांमुळे मोजपट्टीवरचा तो सेंटिमीटर खरा की खोटा, हेही धड कळत नाही.)

दोन दिवस आधी अतिवृष्टीचा अंदाज मिळाला होता, मग तेव्हाच पाणी का सोडले नाही, असे प्रत्येक पुरानंतर विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण तो फार उशिराचा आहे. खालच्या नदीपात्राची वहनक्षमता 50,000 क्युसेक असेल, तर सलग दोन दिवस तेवढा विसर्ग ठेवूनही जेमतेम साडेआठ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) जागा होते. 100 टीएमसीच्या काठोकाठ भरलेल्या धरणाला तिचा कितीसा आधार मिळणार? त्यातच खालच्या उपनद्या आधीच दुथडी भरून वाहत असतील, तर तेवढेही सोडता येत नाही. शिवाय मातीच्या धरणात पातळी घाईघाईने उतरवली, तर भरावात मुरलेले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही आणि पाण्याकडील उतार घसरण्याचा धोका संभवतो.

म्हणूनच हा हिशोब महिन्यांच्या भाषेत करावा लागतो. चीनमधील यांगत्से नदीवरील थ्री गॉर्जेस धरणाची पूर्ण संचय पातळी 175 मीटर आहे; ती टप्प्याटप्प्याने उतरवत साधारण 10 जूनपर्यंत 145 मीटरवर आणली जाते, आणि सप्टेंबरपासून जलाशय पुन्हा भरायला घेतला जातो. मधल्या 30 मीटरमध्ये 22.15 अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे 782 टीएमसी जागा पुरासाठी राखलेली असते. पातळी खाली ठेवल्याने वीजनिर्मितीवर परिणाम होतो, तरीही ही किंमत दरवर्षी मोजली जाते.

ज्या अधिकाऱ्याने असा निर्णय घ्यायचा, त्याची मात्र दोन्हीकडून कोंडी होते. पाणी सोडले आणि पावसाने दडी मारली, तर पाणी वाया घालवल्याचा ठपका. सोडले नाही आणि पाऊस कोसळला, तर पूर आणल्याचा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या जानेवारी 2011 च्या पुरानंतर वायव्हेनहो धरणाच्या परिचालनावरून वर्षानुवर्षे खटला चालला. 2019 मध्ये निकाल पूरग्रस्तांच्या बाजूने लागला आणि 2021 मध्ये अपील न्यायालयाने तो धरण चालवणाऱ्या संस्थेच्या बाबतीत फिरवला. न्यायाधीशांचेही जिथे एकमत होत नाही, तिथे मध्यरात्री दरवाजे किती उचलायचे हे एकट्या अभियंत्याच्या माथी मारणे मला अन्यायकारक वाटते. पंधरवड्यागणिक कोणती पातळी राखायची याचे वेळापत्रक पावसाळ्यापूर्वीच जाहीर व्हावे, आणि ते मोडावे लागले तर त्याचे कारण त्याच दिवशी लोकांसमोर यावे, एवढी माझी साधी मागणी आहे.

वेळापत्रक आधी ठरलेले असले की त्यात नदीचीही सोय पाहता येते. थ्री गॉर्जेसमध्ये 2011 पासून मे-जूनच्या सुमारास, पाण्याचे तापमान 18 अंश सेल्सियसच्या वर गेल्यावर, विसर्ग काही दिवस रोज थोडाथोडा वाढवत नेतात, कारण चढत्या पाण्याची चाहूल लागल्यावरच तिथले कार्प मासे अंडी सोडतात. त्यासाठी वेगळे पाणी राखून ठेवावे लागत नाही. पुरासाठी जागा करताना जे सोडायचेच असते, तेच या बेताने सोडले जाते.