रात्री तीन वाजताचा अभिषेक

मे महिन्यात भुसावळला पारा ४५च्या घरात गेला की माणसं रस्त्यावरून नाहीशी होतात. तशात मी माशांच्या श्वासाची जबाबदारी अंगावर का घेतली, हे घरातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी विचारून घेतलं आहे. उत्तर सोपं आहे. लेकीला माशांच्या टाकीत प्लॅस्टिकची झाडं नको होती आणि दुकानदार म्हणाला, "खरी लावा साहेब, पाणी आपोआप चांगलं राहतं." त्या झाडांना जेवायला कार्बन डायऑक्साइड लागतो, हे त्याने पैसे घेतल्यावर सांगितलं. सिलिंडरची किंमत ऐकून मी तसाच घरी आलो आणि गरिबाचा मार्ग धरला : कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली, दोन वाट्या साखर, चिमूटभर यीस्ट, कोमट पाणी आणि बुचातून काढलेली सलाइनची नळी. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, तो नळीतून टाकीत जातो.

यीस्ट नुसता वायू सोडत नाही. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये असा काही वास दरवळला की नाना खाटेवरून उठून बसले.

"काय रे भाऊ, घरमा दारू काढी ऱ्हायना का?"

मी म्हटलं, झाडांसाठी आहे. यावर नाना ज्या नजरेने बघत राहिले, ती नजर त्यांनी मी दहावीला गणितात नापास झालो होतो तेव्हापासून जपून ठेवलेली असावी.

पण झाडं खूश झाली, हे मान्य करावं लागेल. दुपारी दिवा लागून दोनेक तास झाले की पानांच्या कडेवर मोहरीपेक्षाही बारीक बुडबुडे धरायचे. एखादा सुटून सरळ रेषेत वर जायचा, मग त्याच जागी दुसरा. हा झाडांनी सोडलेला ऑक्सिजन. कूलरचा खडखडाट विसरून मी खुर्ची ओढून ते बघत बसायचो. टाकीच्या काचेला आतून एक चिमुकला फुगा चिकटवला होता, त्यात रंग बदलणारं पाणी : निळं म्हणजे वायू कमी, हिरवं म्हणजे बरोबर, पिवळं म्हणजे अति. हिरवं म्हणजे लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम. माझं हिरवंगार होतं. त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

सकाळी सगळे निऑन टेट्रा मासे पाण्याच्या वर तोंडं काढून, रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे धापा टाकत होते. शंखाच्या गोगलगायी काच चढून वर आल्या होत्या. एकटी गुरामी निवांत. तिला वरची हवा थेट घेता येते, त्यामुळे ती बाकीच्यांकडे बघतसुद्धा नव्हती. आणि तो फुगा अजून हिरवाच! तो दोन तास उशिरा रंग बदलतो, हे नंतर कळलं. आमच्या जंक्शनवर एवढ्या उशिराची कुणी दखलही घेत नाही.

झालं असं होतं की, दिवा बंद झाला की झाडंही आपल्यासारखीच ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. यीस्टला रात्र कळत नाही, आणि उकाड्यात तर त्याला दुप्पट चेव येतो. त्यात पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो : २५ अंशाला लिटरमागे आठेक मिलिग्रॅम, ३५ला सातच. आणि गरम पाण्यात माशांना श्वास जास्त लागतो.

एका रात्री शहाणपणा करून नळीला कपडे वाळवायचा चिमटा लावला. पहाटे बाटली फुटली. भिंतीवरचा साखरपाक पुसायला आम्ही दोघं, चाटायला मुंग्या. मग हवेचा पंप आणला, तर सोडा हलवून प्यायल्यासारखा सगळा कार्बन डायऑक्साइड वरच्या वर उडून गेला आणि झाडांच्या पानांवर काळं दाढीसारखं शेवाळ आलं. शेवटी पंप टायमरवर टाकला, फक्त रात्रीपुरता.

सावद्याहून मामा आले. केळीच्या धंद्यात हयात गेलेली. टाकीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पिकवायच्या खोलीत हाच वायू साठला की केळी रेंगाळते. रोज दार उघडून खोली मोकळी करावी लागते. तुझ्या पेटीचं दार कुठंय?"

दार नव्हतंच. मासे उड्या मारतील म्हणून मी काच गच्च बसवली होती. ती काढली, मांजरीसाठी जाळी टाकली आणि कूलरचं तोंड पाण्याकडे फिरवलं. वाफ होऊन पाणी तीन अंशांनी उतरलं. मी जिंकलोच होतो.

"मासास्ले हवा, अन् माले घाम?" खाटेवरून आवाज आला.

तेव्हापासून त्या कूलरचं तोंड दिवसातून पंधरा वेळा फिरतं. मी आंघोळीला गेलो की नानांकडे, नाना देवळात गेले की टाकीकडे.

परवा रात्री तीन वाजता वीज गेली. पंप बंद, कूलर बंद. पाच मिनिटांत निऑन वर. मी अंधारात चाचपडत देवघरातला तांब्या आणला, टाकीतलं पाणी भरून वरून पुन्हा टाकीत ओतायला लागलो. धार पडली की पाण्यात हवा मिसळते. बायको मोबाइलचा उजेड घेऊन दारात आली.

"अहो, अभिषेक चाललाय का?"

पाऊण तास झाला. हात भरून आले. नाना उठले, सदऱ्याच्या बाह्या वर सारून माझ्याजवळ आले. "आन इकडे." तांब्या घेतला आणि चहा गार करतात तशी हातभर उंचीवरून अशी सुरेख धार सोडली की निऑन खाली गेले.

मी भिंतीला टेकून बसलो. ओतता ओतता नानांनी एकदा कोपऱ्यातल्या बाटलीकडे बघितलं, एकदा दारातल्या सुनेकडे, मग आवाज खाली आणून मला विचारलं,

"तठलं पानी संपलं की ते तू फेकी देस का?"