स्टॉप दाबलं की मोटार थांबायला नको का?

नाशिकच्या कारखान्यांत अंबड असो की सातपूर, पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं) पॅनल उघडावं आणि स्टॉपचं बटण एनओ (दाबल्यावरच सर्किट जोडणारं) निघावं! डोकंच फिरतं. प्रोग्राम लिहिणारा "बटण एनसी, मग लॅडरमध्येही एनसी" असं ठोकून देतो (एनसी म्हणजे एरवी जोडलेलं, दाबलं की तुटणारं; लॅडर म्हणजे पीएलसीचा शिडीसारखा प्रोग्राम). मोटार सुरूच होत नाही. मग हे महाशय लॅडरला हात न लावता बटणाचा ब्लॉकच बदलून मोकळे! अरे, एनसी बटण न दाबता पीएलसीच्या एक्स-१ इनपुटला २४ व्होल्ट मिळतात, इनपुटचा दिवा लागलेला असतो. म्हणून लॅडरमध्ये काँटॅक्ट एनओ (इनपुट असेल तरच जोडणारा) घ्यायचा. मग वायर तुटो नाहीतर टर्मिनल ढिलं होवो, एक्स-१ जातो आणि मोटार बंद पडते. एनओ बटणाची वायर उंदराने कुरतडली तर कळतं कधी? ऐन वेळी. दाबत बसा.

दुसरा शहाणपणा सेट कॉइलचा, म्हणजे एकदा चालू केलेला बिट रिसेट करेपर्यंत चालूच. स्टार्टने एम-० हा आतला मेमरी बिट सेट, आणि स्टॉप कुठे? तर वाय-० च्या, म्हणजे मोटारीच्या आउटपुटच्या, रंगमध्ये (rung, लॅडरची एक पायरी). एम-० रिसेट करायचं कुणाच्या गावीच नाही. स्टॉप दाबलं, मोटार थांबली, बोट उचललं की पुन्हा सुरू! बेल्टमध्ये कुणाचा हात असेल तर? त्यात एम बिट रिटेंटिव्ह (लाईट गेली तरी टिकणाऱ्या) रेंजमधला घेतलेला असला की लाईट जाऊन आली तरी मोटार आपोआप फिरते. साधं होल्डिंग (आउटपुटने स्वतःच्याच काँटॅक्टने चालू राहायचं, स्टॉपने तुटायचं) घालायला काय धाड भरते?

आणि मॅन्युअलमध्ये एकदा, ऑटोमध्ये एकदा वाय-० लिहिणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. स्कॅनमध्ये (प्रोग्राम वरून खाली वाचण्याच्या फेरीत) शेवटची रंग जिंकते, वरच्या रंगमधला स्टॉप गेला वाऱ्यावर. ऑटोला एम-१०, मॅन्युअलला एम-११ (दोन्ही स्टॉपने सुटणारे), आणि शेवटी वाय-० ची एकच रंग: दोन्ही बिट पॅरलल, पुढे स्टॉप आणि ओव्हरलोड (मोटारीवर जास्त भार आला की तोडणारा रिले) सिरीजमध्ये. झालं.

बरं, दरवेळी प्रोग्रामच्याच नावाने खडे फोडायचे नसतात. आउटपुटचा दिवा विझलाय आणि मोटार फिरतेय? काँटॅक्टरच्या (मोटारीची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या ए१-ए२ टर्मिनलांवर मीटर लावा. व्होल्टेज शून्य असेल तर काँटॅक्ट चिकटलेत किंवा आर्मेचर (कॉइल ओढते तो लोखंडी भाग) अडकलंय. २३० व्होल्ट येत असतील तर आउटपुटचा रिले चिकटलाय, नाहीतर कुणीतरी बाहेरून जंपर (सरळ जोडवायर) मारून ठेवलाय. दिवाच विझत नसेल तर आधी फोर्स (सॉफ्टवेअरमधून जबरदस्तीने चालू ठेवलेलं आउटपुट) राहिलाय का ते बघा. लॅपटॉप उघडून तासभर लॅडर चाळण्याआधी ही पाच मिनिटं काढवत नाहीत?

इमर्जन्सी स्टॉप नुसता पीएलसीच्या इनपुटला जोडणाऱ्यांशी तर बोलायचीच सोय नाही. त्याने सेफ्टी रिलेमधून थेट काँटॅक्टरची सप्लाय तोडायची असते. पीएलसीला फक्त खबर द्यायची.