'हे तर शेड-कार्ड!' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कोरियन-अमेरिकन चित्रकार बायरन किम यांच्या 'सिनेकडकी' (Synecdoche, म्हणजे भागावरून पूर्णाचा बोध करून देणारा भाषालंकार) या चित्राबद्दल मी लिहिलेलं वाचून तुमचा आक्षेप असा : "४०० चौकोन, सगळे तपकिरी-गुलाबी. रंगाच्या दुकानातलं शेड-कार्ड! समाज, ओळख वगैरे तुम्ही चिकटवलंत. आपल्याकडे तर ओळख आडनावावर ठरते, कातडीवर नाही." सडेतोड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेड-कार्ड फिकटाकडून गडदाकडे जातं, कारण गिऱ्हाइकाला निवड करायची असते. इथे तो क्रमच नाही. प्रत्येक चौकोन म्हणजे एकेका खऱ्या माणसाच्या कातडीच्या रंगात रंगवलेली फळी, आणि या फळ्या लावल्या आहेत त्या माणसांच्या पहिल्या नावांच्या आद्याक्षरांनुसार. त्यामुळे गडद तपकिरीला खेटून फिकट गुलाबी येऊ शकतो. आपला डोळा लगेच निवडायला बसतो, गोरे इकडे, काळे तिकडे. आणि मांडणी त्याला दाद देत नाही. यात मी काय चिकटवलं?

प्रत्येक फळी १० बाय ८ इंचांची, व्यक्तिचित्राला साजेशी. १९९१ पासून किम एकेका माणसाला समोर बसवून त्याच्या कातडीचा रंग तैलरंगात आणि मेणात जुळवत आलेत. त्यात मित्र, घरचे, शेजारी आहेत, अनोळखीही. आता मनगटावरचं घड्याळ काढून बघा. पट्ट्याखालची कातडी वेगळी, शेजारची रापलेली. यातला 'तुमचा' रंग कोणता? इतकं काटेकोर जुळवूनही फळी त्या माणसाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही, आणि मला तरी चित्राचा सगळा खोडसाळपणा त्यातच दिसतो. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ते लागलं, तेव्हा रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी केलेल्या मारहाणीची चित्रफीतही तिथेच दाखवली जात होती. त्या शेजारात हे चौकोन नुसते सुबक वाटणं कठीणच.

आडनावाचं म्हणणं मला निम्मंच पटलं. लग्नाच्या बायोडेटातला 'वर्ण : गव्हाळ' अजून गेलेला नाही, आणि मुलगी सावळी असली की आईबाप हळूच 'निमगोरी' लिहितात. जात मात्र कातडीवर वाचता येत नाही, हे खरं. म्हणूनच असं चित्र आपल्याकडे कुणी केलं, तर फळ्यांकडे बघण्याआधी लोक नावांची यादी मागतील, आणि तीही आडनावांसकट.