बाभळीच्या शेंगा आणि गुडघ्याचं वंगण

रामबागेतल्या आत्यानं गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तो तीन ठिकाणांहून आधीच माझ्याकडे आला होता. पण आत्यानं टाकला म्हणजे तिनं तो अमलातही आणलेला असणार. मजकूर थोडक्यात असा: साठीनंतर गुडघ्यांतलं वंगण संपतं. बाभळीच्या शेंगांची पूड सकाळ-संध्याकाळ चमचाभर घेतली की तीन महिन्यांत ते परत येतं. तोवर चालणं, जिने बंद. आणि डॉक्टर गुडघा बदला म्हणाले तर ऐकू नका, नवा गुडघा दहा वर्षांत बाद होतो. मी इंदुरात फिजिओथेरपी करते, दिवसभर गुडघेच बघते. तेव्हा एकेक मुद्दा घेतेच.

वंगण संपतं, इथूनच गाडी घसरते. वंगण म्हणजे सांध्यातलं पाणी. सांध्याचं आतलं अस्तर ते सतत तयार करत असतं, आणि निरोगी गुडघ्यात ते असतं तरी किती? चहाचा चमचासुद्धा भरायचा नाही. उलट दुखरा गुडघा सुजतो तेव्हा ते वाढलेलं असतं, कधीकधी सुईनं काढावं लागतं. झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तो मान्य करते: अशा गुडघ्यातलं पाणी पातळ होतं, त्याला चिकटपणा देणारं हायलुरोनिक आम्ल कमी पडतं. पण तेच आम्ल थेट सांध्यात टोचूनही बहुतेकांना फार फरक पडत नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये हे इंजेक्शन सरसकट देऊ नये असं सांगितलं. मग पोटात पचलेली पूड वंगण होऊन गुडघ्यात कुठून उतरणार?

बाभळीच्या शेंगा तुरट असतात, शेळ्या त्या आवडीनं खातात. आत्यानं घरी कुटलेल्या पुडीची मला धास्ती नाही. धास्ती आहे ती विकत मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या पुडीची. माझ्याकडे येणाऱ्या एक काकू कुठूनशी आणलेली अशी पुडी चार महिने घेत होत्या. तिसऱ्याच दिवशी दुखणं गायब झालं, त्यांनी जाऊबाईंनाही मागवून दिली. मग चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, कधी नव्हे ती साखर वाढली. त्यांच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, ‘पुडी कुठली?’ अशा औषधांत गुपचूप स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. सांधेदुखीवरच्या ‘नैसर्गिक’ म्हणून खपणाऱ्या काही गोळ्यांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक निघाल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये दिला होता. स्टिरॉइड बराच काळ पोटात गेलं की हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ढासळू शकतो. म्हणजे गुडघा वाचवायला निघालो आणि खुबा घालवून बसलो. बरं, एकदम बंद करणंही जिवावर बेतू शकतं, म्हणून पुडी घेऊन डॉक्टरांकडेच जायचं. झिजलेल्या सांध्यावर तीन दिवसांत जादू करणारी पूड असेल तर मला तरी आधी संशय येतो.

खरा राग मात्र ‘चालणं बंद’वर आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला की ती स्पंजासारखी दबते, उचलला की फुगते, आणि त्या दाबण्या-फुगण्यातच सांध्यातल्या पाण्यातून तिला खाणंपिणं मिळतं. बसून राहिलात तर तेही तोडलंत, शिवाय मांडीचा पुढचा स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत ढिला पडतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. आत्याचं नेमकं हेच झालं. पंधरा दिवस नेहरू पार्कच्या फेऱ्या बंद, आता खुर्चीतून उठताना ‘आई गं’. दुखत असेल तर फेरी लहान करा, सपाट रस्ता धरा. बंद करू नका. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हात कठड्यावर. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. मांडी घालून बसणं काही दिवस सोडावं लागेल, देवपूजा पाटाऐवजी स्टुलावर बसून केली तर देव रागावत नाही. आणि वजन. २००५ च्या एका अभ्यासात दिसलं की एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. फेरीनंतर पोहे-जलेबी हा इंदूरचा धर्म आहे, कबूल. पण निदान जलेबी रविवारपुरती ठेवा.

राहिला नवा गुडघा. दहा वर्षांत बाद होतो? २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात, पूर्ण बदललेल्या शंभरातले सुमारे ८२ गुडघे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. किमतीचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर कमाल मर्यादा घातली आणि सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा गुडघा ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. ऑपरेशन आणि हॉस्पिटलचा खर्च त्यात नाही, हेही सांगायला हवं. ऑपरेशननंतर माणूस अंथरुणाला खिळतो म्हणणाऱ्यांनी एकदा वॉर्डात येऊन बघावं: आम्ही त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन उभं करतो, शिव्या खात.

याचा अर्थ प्रत्येकानं बदलून घ्यावा असा नाही. आत्यानं एक्स-रे पाठवून विचारलं, ‘मग मी बदलू का गं?’ एक्स-रे वाईटच होता. पण एक्स-रे वाईट असूनही हिंडणारी माणसं मी रोज बघते. मी तिला विचारलं, रात्री दुखण्यानं जाग येते? भाजी आणायला जाता येतं? औषध, व्यायाम सगळं नीट करूनही अडतंय? ती म्हणाली, झोप लागते, भाजी आणते, आणि व्यायाम, तो अजून सुरूच कुठे केलाय. म्हटलं, मग आधी तो कर. आता ती मालिका लागायच्या आधी दहा वेळा खुर्चीवरून उठते आणि मोजणी मोठ्यानं करते, म्हणजे फोनवर मला ऐकू जावी.