मधे कोण बसलंय?

गेल्या महिन्यात आमच्या बडोद्याच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावानं एक फोटो टाकला. युरोपातल्या कुठल्याशा दुकानातलं पायपुसणं, आणि त्यावर पाकळ्यापाकळ्यांचं छापील मंडल. खाली थेट मला प्रश्न: "ताई, तुमच्याकडे हे असं चालतं? आपलं उचलायचं आणि त्यालाच पाय पुसायचे?" दोन दिवस ग्रुप पेटला होता. मंडल ही आपली विद्या आहे, तिच्यावर आपण हक्क सांगायलाच हवा, असं बहुतेकांचं म्हणणं. मामेबहीण बडोद्यात मंडल आर्टचे क्लास घेते. तिचं म्हणणं उलट: शेवटी चित्रच आहे, ज्याला आवडेल त्यानं काढावं, मन शांत होतं एवढं पुरे.

मी सोळा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला राहते. दोघांचंही मला अर्धंच पटलं, आणि ते का, हे ग्रुपवर दोन ओळींत सांगता येण्यासारखं नव्हतं.

पायपुसण्याचं आधी सांगते. ते पाहून मलाही त्रास होतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ओटल्यावरच्या रांगोळीला चुकून पाय लागला तर आजी वाकून नमस्कार करायला लावायची. पण इथल्या दुकानदाराला आपण कुणाचा अपमान करतोय हे माहीतच नसतं. त्याच्या लेखी ती नक्षी आहे. तिच्यात कुणी बसलेलं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

हे माझ्या लक्षात आलं ते मुलीमुळे. इथल्या बालवाड्यांमधून मुलांना मंडलं रंगवायला देतात, अगदी सर्रास. शब्दही तोच, मंडाला. मुलगी पाच वर्षांची असताना असा एक कागद घरी घेऊन आली. कडेच्या पाकळ्या सुरेख रंगवलेल्या, मधला गोल कोरा. मधे काय काढायचं ते बाईंनी सांगितलं नव्हतं. मी पटकन म्हणाले, "मधे गौर बसते." तिनं विचारलं, "कोण गौर?" त्या संध्याकाळी मी तिला पहिल्यांदा चैत्रांगण काढून दाखवलं. वर मखरात गौर, भोवती शंख, चक्र, गोपद्म, कासव, तुळस, सूर्य, चंद्र. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आजी ते रोज नव्यानं काढायची, शिरगोळ्याच्या पांढऱ्या रांगोळीनं, गेरू लावलेल्या ओटल्यावर. कालचं पुसायचं, आजचं काढायचं.

तेव्हापासून कुठलंही मंडल दिसलं की मी आधी हेच बघते, मधे कोण बसलंय.

विंटरथूरजवळ टोस नदीच्या खोऱ्यात रिकॉन नावाचं लहानसं गाव आहे. तिथे भांड्यांचा कारखाना चालवणाऱ्या कून बंधूंनी साठच्या दशकात तिबेटी निर्वासितांना काम दिलं, राहायला जागा दिली, आणि १९६७ मध्ये तिथे तिबेटी मठ-संस्था उभी राहिली. १९८५ मध्ये दलाई लामांनी याच रिकॉनमध्ये कालचक्र या बौद्ध तंत्राची दीक्षा दिली. कालचक्राचं मंडल म्हणजे वरून पाहिलेला राजवाडा. चार दिशांना चार दरवाजे, आत मजल्यावर मजले, आणि एकूण ७२२ देवता, प्रत्येकीची जागा ठरलेली. मी पहिल्यांदा त्याचं चित्र नीट पाहिलं तेव्हा मला आठवली मांडवी. बडोद्याच्या जुन्या शहरात मांडवीवर उभं राहिलं की चार दिशांना चार रस्ते जातात आणि चार दरवाज्यांना भिडतात: लहरीपुरा, पाणी, चांपानेर, गेंडी. शहर मंडल म्हणून आखलं असं मी म्हणत नाही. पण चार दारांच्या चौकोनात मधोमध उभं राहणं म्हणजे काय, हे बडोद्याच्या पोराला चित्र पाहायच्या आधी पायांना ठाऊक असतं.

आता ‘आपली विद्या’. बाराव्या शतकाच्या आसपास बिहारमधल्या विक्रमशीला या बौद्ध विद्यापीठात अभयाकरगुप्त नावाचे महापंडित होते. त्यांनी ‘निष्पन्नयोगावली’ या संस्कृत ग्रंथात २६ मंडलं सांगितली: कुठल्या देवतेचा रंग कोणता, हात किती, हातांत काय, ती कुठल्या दिशेला. शेवटचं, सव्विसावं, कालचक्राचं. पुढे विक्रमशीला उद्ध्वस्त झाली आणि भारतात ही परंपरा जवळपास तुटली. ती जपली तिबेटी भिक्षूंनी आणि नेपाळच्या नेवार लोकांनी. आणि मूळ संस्कृत ग्रंथ छापला कुणी? आमच्या बडोद्यानं! सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, १९४९ साली, विनयतोष भट्टाचार्यांच्या संपादनाखाली. बिहारमध्ये लिहिलेला ग्रंथ एका बंगाली पंडितानं गुजरातेत, मराठी राजानं सुरू केलेल्या मालेत प्रसिद्ध केला, आणि त्यातलंच मंडल मला स्वित्झर्लंडमध्ये माझ्या घराशेजारच्या गावी भेटलं. मावसभावाला मी हेच विचारते: यात चोर कोण? जपान तर त्याहून आधीचं. कुकाई हे भिक्षू ८०६ साली चीनहून परतले ते गर्भधातु आणि वज्रधातु ही दोन मंडलं घेऊनच, आणि शिंगोन पंथात ती आजही पूजेत आहेत. ज्यांनी सांभाळलं त्यांच्यावर आपण हक्काची भाषा वापरावी, हे मला बरोबर वाटत नाही.

पण मामेबहिणीचं ‘चित्रच आहे’ हेही मला मान्य नाही, आणि इथेच मी घरच्या माणसांच्या बाजूनं उभी राहते.

आमच्या मराठीत मंडलाचं मंडळ झालं आणि मंडळाची मंडळी झाली. गणेश मंडळ, भजनी मंडळ, पंगतीला बसलेली मंडळी. शब्दात माणसं आहेत. मंडल म्हणजे गोल आकार नव्हे, कुणाभोवती तरी जमणं, हे आपण बोलता बोलता सांगत असतो. नवरात्रात आम्ही मुली संध्याकाळी पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, भोंडला खेळायचो, पाटावर काढलेल्या हत्तीभोवती फेर धरून. खिरापत ओळखून, खाऊन झाली की त्याच मुली रात्री गरब्याला. तिथे मधे छिद्रांचा घडा, आत दिवा, तो गरबो. हत्ती असो की दिवा, मधे काहीतरी असल्याशिवाय आम्ही कधी गोल फिरलो नाही.

मधे कोण, याची उत्तरं मात्र निरनिराळी आहेत, आणि मला त्यातच गोडी वाटते. अमेरिकेतले नवाहो लोक वाळूचं चित्र काढतात ते आजाऱ्याला बरं करण्यासाठी. तिथे मधे आजारी माणसालाच बसवतात, आणि विधी संपला की चित्र मोडून टाकतात. जाव्यातल्या बोरोबुदूरला सहा चौकोनी आणि तीन गोल पायऱ्या चढून जावं लागतं. वरचे ७२ स्तूप जाळीचे, आतली बुद्धमूर्ती दिसते. मधला मोठा स्तूप मात्र बंद. आणि इथे झुरिकच्या तळ्याकाठी राहणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९१६ मध्ये पहिलं मंडल रंगवलं. पुढे १९१८–१९ मध्ये ते रोज सकाळी वहीत एक छोटं वर्तुळ काढत आणि त्यात त्या दिवशीचं आपलं मन पाहत. त्यांच्या लेखी मधे बसलेला होता माणसाचा ‘स्व’. युंग यांनी देवांना उठवून तिथे स्वतःला बसवलं, असा राग पूर्वी मला यायचा. आता येत नाही. नवरा गेल्यावर आमच्या शेजारीणबाई कित्येक महिने मंडलं रंगवत होत्या, मी ते पाहिलंय. त्या कागदाच्या मधे त्यांचं दुःख बसलेलं होतं. ते कमी दर्जाचं आहे असं म्हणायची माझी छाती होत नाही.

चिन्हं परदेशात आली की एकटी येत नाहीत, हेही इथेच शिकले. चैत्रांगणातलं स्वस्तिक मी घरात काढते, दाराबाहेर काढत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या आईकडचं कुटुंब नाझींच्या काळात जर्मनीतून पळून आलेलं. आमचं स्वस्तिक वेगळं, हे मी त्यांना समजावलं, त्यांनी ऐकूनही घेतलं. पण रोज जिना चढताना त्यांच्या पोटात गोळा यावा असं मला नको. "आपण का घाबरायचं?" असं ग्रुपवर विचारतात. घाबरण्याचा प्रश्न नाही. शेजार आहे.

मला खरी काळजी वाटते ती बडोद्याचीच. मागच्या खेपेला आले तेव्हा ओळखीच्या दारादारांत रांगोळीचे स्टिकर पाहिले. वर्षभर तेच. कडा उकललेल्या, धूळ बसलेली. कामाला जाणाऱ्या बाईला रोज रांगोळी काढायला वेळ कुठून मिळणार, हे मला कळतं, मीही तीच आहे. पण आपल्या पूजेत आवाहन आहे तसं विसर्जन आहे. बोलवायचं, बसवायचं, आणि ‘पुनरागमनाय च’ म्हणून निरोप द्यायचा. न पुसलेल्या रांगोळीतून कुणी उठून जाऊ शकत नाही आणि नव्यानं येऊही शकत नाही. इकडे एका सभागृहात मी तिबेटी भिक्षूंचं वाळूचं मंडल पाहिलं. धातूची निमुळती नळी दुसऱ्या कांडीनं घासत कण कण वाळू सोडायची, मधून बाहेर, कित्येक दिवस. शेवटच्या दिवशी सगळं झाडून एका कुंभात भरलं आणि जवळच्या नदीत सोडलं. आजूबाजूचे स्विस लोक हळहळत होते. मला आजीचा ओटला आठवत होता.

मामेबहिणीला मी एकच सुचवलंय. तिच्या क्लासमध्ये एकदा सर्वतोभद्र मंडल घे. आजीच्या एकादशीच्या उद्यापनाला गुरुजींनी चौरंगावर धान्याचं मांडलेलं ते मला अजून दिसतं. उभ्या १९ रेघा, आडव्या १९, म्हणजे ३२४ घरं. नक्षीच्या प्रत्येक भागाला नाव आणि ठरलेलं धान्य: कोपऱ्यांतून निघणारी काळी शृंखला उडदाची, वल्लीला मूग, भद्राला मसूर, वापीला तांदूळ, मधल्या कमळाभोवती पिवळा परिधी डाळीचा. आणि मधल्या कमळात सगळ्यांत आधी ब्रह्मदेवाचं आवाहन. क्लासला येणाऱ्या बायकांना घरं मोजू दे, नावं घेऊ दे, आणि संध्याकाळी ते धान्य गोळा करू दे. तिथे मन शांत होत नाही असं थोडंच आहे.

आधी ती म्हणाली की एवढं कुणी करणार नाही. मग गुरुजींना फोन केला. परवा तिचा मेसेज आला, बारा जणी तयार झाल्यात, चौरंग मिळाले, पण बारा मंडलांना मसूर किती लागेल? आईला विचारून सांगते म्हटलंय.