वीज मोबाईलच्या लहरी धरून खाली येत नाही हो

पाऊस सुरू झाला की तो फॉरवर्ड आलाच. काल काकांनी फॅमिली ग्रुपवर परत टाकला: "वीज कडाडत असताना मोबाईलचा डेटा लगेच बंद करा, वीज त्याच्या लहरी पकडून थेट खाली येते, टॉवरवर वीज पडते हाच पुरावा." काका काळजीपोटी टाकतात, पण यातलं एकेक बघूच.

"लहरी पकडून" म्हणे. लहर म्हणजे काय वायर आहे का? वीज यायची तर आधी मधली हवा फुटून वाहक व्हावी लागते, आणि फोन बिचारा जेमतेम वॉट-दोन वॉटचा, त्याने हवेला काही होत नाही. आणि फोन बंद केलात तरी टॉवरच्या, शेजाऱ्याच्या वायफायच्या लहरी अंगावरून जातच असतात की, त्या कोण बंद करणार?

आता "डेटा". डेटा चालू म्हणजे लहरीतून करंट वाहतो असं नाही. लहर आपल्या ठेक्यात चालू असते, पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७ लाख ९२ हजार हेलकावे, त्यात ठरवून बदल करायचे आणि पलीकडच्या सेटने ते वाचायचे, बस. मीडियम वेव्हवर, म्हणजे आकाशवाणीच्या या ७९२ वाल्या पट्ट्यावर, बोलण्याप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त करतात, एफएमला उंची तीच ठेवून लहरी दाट-विरळ करतात. घरात सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर वळवाच्या संध्याकाळी मीडियम वेव्ह लावून बसा, लांब वीज चमकली की त्याच क्षणी सेटमध्ये खर्रर्र होतं, गडगडाट मागून येतो. कारण वीज स्वतःच रेडिओ लहरी सोडते आणि त्या स्टेशनच्या लहरीच्या उंचीत मिसळतात. एफएमचा सेट उंचीकडे बघतच नाही, म्हणून तिथे खरखर फारशी नसते. म्हणजे फॉरवर्डवाल्याने गाडी उलटी जुंपलीय, लहरींवरून वीज येत नाही, विजेतून लहरी निघतात! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या, विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी ॲपमागचे सेन्सर याच लहरी टिपून वीज कुठे पडतेय ते काढतात, आणि तो इशारा येतो मोबाईलवर, डेटा चालू असेल तर.

टॉवरवर पडते कारण तो उंच आहे. माडावरही पडते, माडात कुठे सिम असतं?

हां, चार्जिंगला लावलेला फोन आणि तारेचा लँडलाईन तेवढ्यापुरता हातात घेऊ नका, तिथे खरोखरची वायर आहे. आणि शेतात असाल तर डेटा राहू दे चालू, आधी झाडाखालून निघा आणि पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत जाऊन बसा. काका, हे टाका ग्रुपवर.